गाळलेला श्वास

चटईला एखाद्या मुलाचा श्वास ओळखीचा व्हायला चार-पाच दिवस लागत. तोपर्यंत खाटेच्या डोक्याशी भिंतीत बसवलेला दिवा राखाडी राहायचा आणि मग एखाद्या सकाळी हिरवा व्हायचा. आया त्याची वाट पाहत. हिरवा दिवा म्हणजे मूल बरं झालं असं नाही, चटईचं शिकणं पूर्ण झाल्याची ती खूण आहे, असं केतकी ठवकर प्रत्येकीला सांगायची. आया मान डोलवायच्या आणि दिवा हिरवा झाला की तरीही घरी फोन लावायच्या.

चटई केतकीने बनवली होती. एकटीने नव्हे, नागपूरच्या त्या रुग्णालयातले डॉक्टर, अभियंते आणि संख्याशास्त्रज्ञ त्यावर काही वर्षं खपले होते. पण गादीखाली सरकवायच्या त्या करड्या, बोटभर जाडीच्या पट्टीला ‘चटई’ हे नाव वॉर्डातल्या बायांनी दिलं, आणि चटईचं काही बिनसलं की हाक केतकीला मारायची हे आपोआप ठरून गेलं.

वॉर्ड मूळपेशींच्या रोपणाचा होता. तिथली बहुतेक मुलं सिकलसेलची, गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडून आलेली. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. हाडं ठणकतात, प्लीहा सुजते, मूल खुरटतं. कायमचा उपाय एकच. जिथे रक्त तयार होतं ती अस्थिमज्जा औषधांनी रिकामी करायची आणि तिथे दुसऱ्या कुणाच्या निरोगी मूळपेशी रुजवायच्या. पूर्वी त्यासाठी पूर्ण जुळणारं भावंड लागे. आता अर्धी जुळणारी आईही चालत असे.

पेशी रुजत नाहीत असं आता क्वचित होई. मुलं दगावत ती फुप्फुसांमुळे. रोपणानंतरच्या आठवड्यांत काहींची फुप्फुसं आतून सुजू लागतात. कधी जंतूंनी, कधी औषधांच्या इजेने, कधी बाहेरून आलेल्या पेशींनी या नव्या शरीरालाच परकं ठरवल्यामुळे. हवेचे इवलेसे फुगे आणि त्यांना वेढणाऱ्या रक्तवाहिन्या यांच्यामधला पातळ पडदा पाझरू लागतो. मूल मात्र बराच काळ निभावून नेतं. ते जरा भराभर, जरा उथळ श्वास घेतं, आणि बोटाला लावलेलं यंत्र रक्तातला प्राणवायू ठीकच दाखवत राहतं. तो आकडा घसरतो तेव्हा फार उशीर झालेला असतो.

वेळेवर कळलं तर उपाय होता. प्रवासी बॅगेएवढं एक यंत्र मुलाचं रक्त नळीने बाहेर घेई, पडद्यामधून त्यात प्राणवायू मिसळून परत आत सोडी, आणि तेवढे दिवस फुप्फुसांना विश्रांती मिळे. त्याला सगळे ‘बाहेरचं फुप्फुस’ म्हणत. लवकर जोडलं तर बरीच मुलं त्यातून परत येत. उशिरा जोडलेली फारच थोडी.

ही आधीची खबर द्यायला चटई होती. छातीचा गादीवर पडणारा सूक्ष्म दाब, श्वासाचा आवाज, फासळ्यांची थरथर हे सारं ती टिपायची. पहिल्या दिवसांत त्या मुलाचा नेहमीचा श्वास शिकून घ्यायची. मग वॉर्डाच्या गलक्यातून, पंख्याच्या घरघरीतून आणि खाटांच्या चाकांच्या आवाजातून तो ओळखीचा श्वास तेवढा वेचायची, बाकीचं गोंगाट म्हणून गाळून टाकायची, आणि श्वास बदलू लागला की दिवा पिवळा करायची. चटई आल्यापासून सिस्टरांनी दर दोन तासांनी मुलाच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजणं बंद केलं. मुलं झोपेतून उठत, किरकिर करत. आता तो त्रास उरला नव्हता.

आम्रपाली रामटेके त्या वॉर्डात आली तेव्हा सहा वर्षांची होती. तिला आमू म्हणत. देसाईगंजजवळच्या एका गावातून आई पौर्णिमा तिला घेऊन आली होती. बाप देवानंद गावीच थांबला, कारण मुलाजवळ एकालाच राहता येई, आणि मूळपेशी पौर्णिमा देणार होती.

पहिल्या दिवशी केतकी चटई बसवत असताना आमू खाटेच्या कडेला उकिडवी बसून पाहत होती.

“हे ऐकते?” तिने विचारलं.

“ऐकते.”

“मी मनात बोलली तर?”

केतकीने सांगितलं, की मनातलं तिला कळत नाही, फक्त श्वास कळतो.

“मंग डॉक्टरले सांगते?”

“लगेच.”

आमूने आईकडे पाहिलं. “चुगलखोर हाय, माय,” ती म्हणाली, आणि गाल फुगवून श्वास धरून बसली. पौर्णिमाने तिच्या गालांवर दोन बोटं दाबून फुस्सकन हवा काढली. तिघी हसल्या.

खाटेवर एकटीने निजायला मात्र आमू तयार होईना. घरी ती आईच्या पोटाला पाठ लावून झोपायची. औषधांनी केस गेल्यावर तर ती पौर्णिमाला बाथरूमलाही जाऊ देईना. भिंतीवर ‘खाटेवर फक्त मूल’ अशी पाटी होती. चटईचे पहिले प्रयोग ज्या दालनात झाले तिथे ती पाटी पाळली जाई. मोठ्यांना काचेपलीकडेच थांबावं लागे. या वॉर्डात ती कुणी पाळत नव्हतं. इथलं कुठलंच मूल जन्मल्यापासून एकटं निजलेलं नव्हतं. सुरुवातीला कुणी मोठं माणूस खाटेवर आडवं झालं की चटई पीं पीं करत राखाडी व्हायची, आणि दिवसभर वॉर्डात दहा ठिकाणी तेच चालायचं. गेल्या वर्षी सिस्टर गेडामांनी केतकीला बोलावून सांगितलं, की एक तर आयांना बदला किंवा तुमच्या चटईला. केतकीने चटईला बदललं. आता चटई मोठ्या माणसाचं वजन ओळखून हिशोबातून वजा करायची आणि गप्प राहायची. वॉर्डातल्याच काही खाटांवर तिने ते तपासून पाहिलं. नीट चाललं. त्या खाटांवरच्या मुलांना चटई आधीपासून ओळखत होती.

आमूच्या चटईचे शिकण्याचे दिवस चालू असताना केतकी एका दुपारी तिच्या खाटेशी गेली. आमू आईच्या कुशीत गाढ झोपली होती, आणि पौर्णिमाही. सिस्टर गेडामांनी ओठांवर बोट ठेवलं. पोरगी दोन दिवसांनी झोपली होती. केतकी मागच्या मागे परतली.

दिवा हिरवा झाला. रोपण झालं. आईच्या दंडातल्या रक्तातून वेगळ्या काढलेल्या पेशींची एक छोटी पिशवी खाटेवर लटकवली गेली. आमूला वाटलं होतं काहीतरी मोठं होणार, पिशवी रिकामी झाल्यावर तिने “एवढंच?” असं विचारलं. काही आठवड्यांनी वॉर्डाचे प्रमुख डॉ. खानझोडे सकाळच्या फेरीत आले आणि पेशी रुजल्याचं सांगून गेले. पौर्णिमाने देवानंदला फोन लावला. तो म्हणाला, आता पोरीतही तुझंच रक्त, म्हणजे माझ्या घरात दोन पौर्णिमा, माझं काही खरं नाही. आमूने फोन हिसकावून घेतला आणि त्याला सांगितलं, की ती आता आईसारखीच ओरडणार आहे.

त्यानंतरच्या एका दुपारी पौर्णिमा केतकीला पाण्याच्या यंत्रापाशी भेटली.

“मॅडम, एक गंमत सांगू? मी आंघोळीले उठली की दिवा पिवळा होते. निजली की हिरवा.”

केतकी तशीच तिच्याबरोबर खाटेपाशी आली. खाटेजवळच्या संगणकाच्या पडद्यावर तिने मागच्या दोन दिवसांची नोंद उघडली. मधेमधे पिवळे तुकडे होते, पण छोटे, आंघोळीपुरते, चहापुरते. तासाभराहून कमी टिकणारा पिवळा रंग चटई कुणाला कळवत नसे. मूल रडलं, खोकलं, तरी तेवढं होतं. आईच्या स्पर्शाने मुलाचा श्वास स्थिरावतो हे केतकीने वाचलं होतं, आणि ते इथे रंगांत दिसतंय याचं तिला बरंही वाटलं.

“मग झोपत जा तिच्याजवळ,” ती म्हणाली. “तिला बरं वाटतंय तुमच्याजवळ.”

पौर्णिमा हसली. तिने जेवणही खाटेवर बसून घ्यायला सुरुवात केली. शेजारच्या खाटांवरच्या आयांना तिने ही युक्ती सांगितली. त्या वॉर्डात आया एकमेकींनाच शिकवत. तोंड आलेल्या पोराला काय भरवायचं, नळी असताना झबलं कसं घालायचं, कुठल्या डॉक्टरला केव्हा विचारायचं. त्यांचा फोनवर एक गट होता. त्याचं नावच ‘हिरवा दिवा’ होतं.

पुढच्या आठवड्यात आमू चिडचिडी झाली. भात नको म्हणायची. गोष्ट सांगायला लागली की दोन शब्द बोलून थांबायची, मग पुढचे दोन. पौर्णिमाने सिस्टरना सांगितलं, की ही बोलता बोलता थांबते. सिस्टर गेडामांनी दिव्याकडे पाहिलं. तो हिरवा होता. बोटावरचा आकडा ठीक होता. तोंड आलंय, बोलायला दुखत असेल, त्या म्हणाल्या. फेरीत डॉक्टरांनीही दिव्याकडे पाहिलं. पौर्णिमा पोरीला पोटाशी घेऊन निजून राहिली.

एका दुपारी जेवणाच्या वेळी बोटावरचा आकडा घसरू लागला आणि थांबला नाही. आमूचे ओठ जांभळे पडले. तिला धावत अतिदक्षता विभागात नेलं, बाहेरचं फुप्फुस जोडलं. छातीच्या एक्स-रेत दोन्ही बाजू पांढऱ्या होत्या. देवानंद दुसऱ्या दिवशी पोचला. तो आल्यावर आमू आणखी दोन दिवस होती.

पौर्णिमा रडली तेव्हा केतकी तिथे नव्हती. तिला नंतर कळलं, की जाताना पौर्णिमा वॉर्डात परत आली होती, आमूच्या खाटेवरची चादर तिने स्वतः घडी करून ठेवली, आणि शेजारच्या ललिता मडावीला आमूचा उरलेला साबण आणि कापूस देऊन गेली.

चटई का चुकली हे शोधणं केतकीचं कामच होतं. तिने आमूच्या खाटेची कच्ची नोंद काढली, गाळण्याआधीची, जशी चटईने ऐकली तशी. खिडकीशी टेबल ओढून ती ऐकत बसली. पंखा. दूरची भांडी. आणि एक संथ, खोल श्वास. तो सहा वर्षांच्या मुलीचा नव्हता.

तिने शिकण्याच्या दिवसांची नोंद उघडली. तिथेही तोच संथ श्वास सर्वांत वर होता आणि त्याच्याखाली, त्याच्याशी जुळवून घेतलेला, एक लहान श्वास. शांत झोपलेलं मूल आईच्या लयीला लय मिळवतं. वजन वजा केलं होतं, पण श्वास वजा होत नव्हता. चटईने त्या दिवसांत जे ऐकलं तेच ‘आमू’ म्हणून लक्षात ठेवलं होतं. ती पौर्णिमा होती.

पुढचं सगळं त्यातून आपोआप आलं. पौर्णिमा उठली की ओळखीचा श्वास हरवे आणि दिवा पिवळा होई. ती निजली की सापडे, हिरवा होई. शेवटच्या आठवड्यात नोंदीत आणखी एक आवाज होता. भराभर, उथळ, दिवसेंदिवस वाढत जाणारा. चटईने त्याला अनोळखी ठरवलं होतं. पंख्याच्या घरघरीबरोबर, खाटांच्या चाकांबरोबर, तिने आमूला गोंगाट म्हणून गाळून टाकलं होतं.

केतकीने लॅपटॉप बंद केला आणि ती थेट वॉर्डात गेली. सिस्टर गेडामांना तिने दोन वाक्यांत सांगितलं. त्या खुर्चीवर बसल्या, लगेच उठल्या, आणि दोघी खाटेमागून खाट करत गेल्या. आयांना खाली उतरायला सांगितलं, चटया बंद केल्या, आणि सिस्टरांनी मुलांच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजायला सुरुवात केली. ललिता मडावीचा चेतन चार वर्षांचा होता. त्याची चटई शिकत होती तेव्हापासून ललिता त्याच्याजवळ निजत आली होती, आणि त्याचा दिवा हिरवा होता. सिस्टर गेडामांनी त्याचे श्वास एकदा मोजले, पुन्हा मोजले, आणि डॉक्टरांना बोलावलं. त्याच संध्याकाळी त्याला बाहेरचं फुप्फुस जोडलं गेलं. तीन आठवड्यांनी ते काढलं, आणि तो स्वतःच्या श्वासाने बसून वरणभात जेवला.

तू त्याच्याशेजारी का निजत होतीस, असं केतकीने ललिताला विचारलं होतं. ओरडण्यासाठी नव्हे, तिला ते समजून घ्यायचं होतं. ललिताने उत्तर न देता फोन पुढे केला. ‘हिरवा दिवा’ गटावर पौर्णिमाचा आवाज होता. नवीन आलेल्या कुणा आईने घाबरून काही विचारलं होतं, त्याला गावाहून दिलेलं उत्तर. आमू गेल्यानंतरचं.

“घाबरू नको बाई. लेकराजवळ निज. दिवा हिरवा रायते. माझी आमू होती तोवर मी तिच्याजवळून उठली नाही.”

चटया लावलेल्या सगळ्या रुग्णालयांना सूचना गेली. चटया बंद ठेवा, दुरुस्ती होईपर्यंत हाताने श्वास मोजा. चौकशी बसली. वजन वजा करण्याचा बदल कुणी केला या प्रश्नापुढे केतकीने आपलं नाव सांगितलं. ‘झोपत जा तिच्याजवळ’ असं कुणी म्हटलं, हे कुणी विचारलंच नाही. तेही तिने सांगितलं.

डॉ. खानझोडे मृदू माणूस होते. चौकशीनंतर त्यांनी तिला खोलीत बसवून घेतलं. त्या बाईला कळवायची गरज नाही, असं त्यांचं मत होतं. सूचना गेली आहे, चटया बंद आहेत, पुढच्या चटया सुधारून येतील. रुग्णालय देवानंदला पत्र पाठवेल, त्यात यंत्रातला दोष असं लिहिलेलं असेल. तेवढं खरं आहे.

“तिच्याजवळ आता काय उरलंय, केतकी?” ते म्हणाले. “शेवटपर्यंत मी पोरीला धरून होते, एवढंच. ते काढून घ्यायचं?”

केतकी म्हणाली, “ती अजून शिकवते आहे, सर. नवीन चटया आल्या तरी ती हेच सांगेल. आणि आया आपल्या पाटीपेक्षा तिचं ऐकतील.”

ते खिडकीबाहेर पाहू लागले. जाऊ नकोस असं ते म्हणाले नाहीत.

देसाईगंजहून गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना मोहाची झाडं होती आणि खाली फुलं वेचणाऱ्या बाया. देवानंद फाट्यावर घ्यायला आला होता. जयभीम म्हणून त्याने तिची पिशवी घेतली आणि तो घराच्या वाटेने पुढे चालू लागला. अंगणात ताडपत्रीवर मोहफुलं वाळत घातली होती आणि पौर्णिमा हातात काठी घेऊन कोंबड्या हाकत बसली होती. केतकीला पाहून ती उठली. तिला आनंद झाला होता, आणि तो पाहणं केतकीला जड गेलं.

केतकीने पाणी प्यायल्यावर लगेच सांगायला घेतलं. मोठे शब्द तिने टाळले, पण काही वगळलं नाही. चटई कशी शिकते, वजन कसं वजा केलं, श्वास कसा राहून गेला. पौर्णिमा तिच्या तोंडाकडे पाहत ऐकत होती.

“म्हणजे माझाच श्वास मोजत होती ते?”

“हो.”

“अन् तिचा?”

“तिचा बाजूला टाकत होती. चटईला तो दुसराच कसलातरी आवाज वाटला.”

देवानंद दारातच उभा होता. एक कोंबडी ताडपत्रीवर चढली, तिला कुणी हाकललं नाही.

“मी निजली नसती तर?”

या प्रश्नाचं उत्तर केतकीने येताना गाडीत अनेकदा जुळवलं होतं. त्यातलं एकही तिने वापरलं नाही. “तर दिवा आधीच पिवळा झाला असता. आम्ही तिला लवकर बाहेरच्या फुप्फुसावर घेतलं असतं.”

“वाचली असती?”

“नक्की सांगता येत नाही. लवकर घेतलेली बरीच मुलं वाचतात. चेतन वाचला. तुम्ही आपल्या मनाने नव्हता निजलात, पौर्णिमाताई. मी सांगितलं होतं.”

“हाव,” पौर्णिमा म्हणाली. “तुमीच सांगतलं.”

ती उठली, अंगणात गेली, कोंबड्या हाकलल्या आणि पाठ करून उभी राहिली. देवानंद चहाचं भांडं चुलीवर ठेवायचं की नाही हे न ठरल्यासारखा ते हातात धरून होता.

“तुमी आल्या नसत्या,” तो म्हणाला, “तं आमाले कधी समजलं नसतं.”

“हो,” केतकी म्हणाली.

त्याने भांडं खाली ठेवलं, मग पुन्हा उचललं आणि चहा टाकला.

पौर्णिमा परत आली तेव्हा तिचे डोळे कोरडे होते. ती केतकीच्या समोर जमिनीवर बसली. “हात धरला तं चालते?”

केतकीला कळलं नाही.

“खाटेवर नाही निजायचं, खाली बसायचं. पण लेकराचा हात धरला तं? का त्याचा बी गोंगाट होते तिले?”

नवी चटई तपासताना केतकीने हे पाहिलं होतं. “हात चालतो,” ती म्हणाली.

पौर्णिमाने कमरेचा फोन काढला. ‘हिरवा दिवा’ गट उघडून ती त्यावर बोलू लागली.

“बायांनो, मी आमूची आई बोलून रायली. मी तुमाले लेकराजवळ निजा म्हटलं होतं. निजू नका. चटईले आपला श्वास ऐकू येते, लेकराचा येत नाही. खाली बसा, हात धरा. हात चालते, मी मॅडमले विचारलं. अन् लेकरू बोलता बोलता थांबलं तं दिव्याकडं पाहू नका. सिस्टरचा हात धरून तिले खाटेपाशी आणा.”

तिने फोन उलटा करून जमिनीवर ठेवला. त्यावर एकामागून एक उत्तरं आल्याची थरथर होत राहिली. तिने तो उचलला नाही. देवानंदने तिघांसाठी चहा आणला. चहा निवत गेला.

“तिचा श्वास तुमच्याकडं असन ना,” पौर्णिमा म्हणाली. “वेगळा काढला म्हणता ना तुमी.”

केतकीने तो काढला होता. चौकशीत दाखवण्यासाठी आणि नव्या चटईला शिकवण्यासाठी तिला तो लागला होता. तीन आठवडे घालून तिने दोन श्वास एकमेकांपासून सोडवले होते. ते ऐकवण्याबद्दल ती आपणहून काही बोलणार नव्हती. तिने देवानंदकडे पाहिलं. त्याने होकाराची मान हलवली. तेव्हा तिने फोनवर ती नोंद लावली आणि फोन पौर्णिमाच्या हातात दिला.

शेवटच्या आठवड्यातला आवाज होता. बारीक, भराभर, मधेच अडखळून पुन्हा तसाच. पौर्णिमाने फोन कानाशी धरला आणि डोकं खाली घातलं. देवानंद उठून अंगणात गेला.

“निजल्या निजल्या धावत होती लेक माझी,” ती म्हणाली.

नोंद संपली. पौर्णिमाने ती पुन्हा लावली, थोडी ऐकली आणि बंद केली.

“हा तिचा एकटीचा हाय?”

“हो. तुमचा काढून टाकलाय त्यातून.”

पौर्णिमाने फोन परत दिला. “ती एकटी नव्हती जी,” ती म्हणाली. “मले आमचा दोघीचा द्या.”

केतकीने कच्ची नोंद शोधली, गाळण्याआधीची. काहीच जोडावं लागलं नाही. त्यात वॉर्डातला पंखा होता, दूरची भांडी होती, आणि त्या दोघी जशा निजल्या होत्या तशाच होत्या.